मालिका पाहणे (ग्रामीण विदर्भ, १९९५ ते २०००)

विसाव्या शतकाच्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत विदर्भातल्या खेड्यांमध्ये दूरदर्शनवरच्या मालिका एका घरी जमून पाहण्याची जी रीत रुळली, तिची ही नोंद आहे. 'शक्तिमान', 'श्रीकृष्ण', 'जय हनुमान', 'ॐ नमः शिवाय' या मालिका साऱ्या देशाने पाहिल्या. पण वऱ्हाडात (पश्चिम विदर्भात) आणि झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) त्यांची आठवण निघाली की कथानकाच्या आधी सपरी (ओसरी) आठवते, कवेलूवर (कौलांवर) चढलेले पोरगे आठवते आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगी गेलेली 'लाईन' (वीज) आठवते. मालिका आणि ती पाहण्याची रीत इथे वेगळी काढता येत नाही, म्हणून या नोंदीत दोन्ही एकत्र घेतले आहेत.

एकच वाहिनी

इनसॅट-१बी हा उपग्रह १९८३ मध्ये अवकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी मनोरा उभा राहिला की आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरमधल्या खेड्यांना चित्र मिळू लागे. त्यापलीकडच्या गावांचा सारा भरवसा अँटिनाच्या उंचीवर. मेळघाटात आणि गडचिरोलीच्या जंगलपट्टीत अनेक गावांना चित्र पोचतच नव्हते. तिथे रेडिओच घरचा राहिला.

खेड्याला दिसायची ती एक वाहिनी. संध्याकाळी मुंबई दूरदर्शनचे मराठी कार्यक्रम, त्यात 'आमची माती आमची माणसं', सात वाजता मराठी बातम्या आणि मग रात्री दिल्लीचे राष्ट्रीय प्रसारण. 'मेट्रो' ही दुसरी वाहिनी मोठ्या शहरांसाठी होती. रामानंद सागर यांची 'श्रीकृष्ण' ही मालिका १९९३ मध्ये मेट्रोवर सुरू झाली, पण खेड्यातल्या माणसाला ती दिसली १९९६ मध्ये पहिल्या वाहिनीवर आली तेव्हा. शहरातला पाहुणा येऊन पुढची गोष्ट आधीच सांगून टाकी, त्याचे कारण हे. एकच वाहिनी असल्यामुळे काय पाहायचे यावरून घरात भांडण नव्हते. जे लागेल ते सगळे मिळून बघत.

टीव्ही घरी येणे

वऱ्हाडात टीव्ही यायचा तो कापसाच्या चुकाऱ्यावर, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशावर. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकरी बैलबंडीत कापूस भरून खरेदी केंद्रावर नेई, रात्र-रात्र रांगेत काढी आणि काही दिवसांनी चुकारा हातात पडे. त्यातून आधी दुकानदाराची उधारी, मग सोसायटीचे कर्ज, मग पोरीच्या लग्नाची तजवीज, आणि एवढे होऊन काही उरलेच तर टीव्ही. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे हेच काम धानाच्या पैशाने होई. दुसरी वाट आंदणाची होती. आंदणात भांडी, पलंग, कपाट यांच्या जोडीला टीव्ही येऊ लागला, आणि सुनेच्या माहेरचा टीव्ही सासरच्या सपरीत बसला की त्या घराची पायरी सारे गाव चढू लागे.

संच बहुतेक कृष्णधवल, चौदा किंवा वीस इंची. क्राऊन, टेक्सला, वेस्टन, ओनिडा, व्हिडिओकॉन ही नावे तेव्हाच्या पोरांना पाठ होती. लाकडी खोक्याला सरकते दार असे, त्याला कुलूप, वर विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुले. काही घरांत पडद्यापुढे रंगीत काच लावत: वर निळा पट्टा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आभाळ निळे आणि गवत हिरवे दिसावे ही त्यामागची कल्पना. माणूस जवळून दाखवला की त्याचे कपाळ निळे आणि हनुवटी हिरवी होई. श्रीकृष्णाच्या बाबतीत मात्र ती काच शोभून दिसे, आणि हे म्हाताऱ्या बायका मनापासून बोलून दाखवत.

अँटिना

ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांचा अँटिना बांबूला किंवा लोखंडी पाइपाला बांधून घरावर उभा केला जाई. पक्का स्लॅब फार थोड्यांचा. कवेलूच्या घरावर चढायचे तर वजनाला हलके माणूस हवे, नाहीतर कवेलू फुटतात आणि पावसाळ्यात घर गळते. म्हणून अँटिना फिरवायचे काम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोराकडे असे. घरात एक जण पडद्यापुढे, एक दारात आणि एक वर. निरोप असा जाई:

"दिसून रायलं काय बे?"

"मुंग्याच हायेत ना!"

"तालुक्याकडे फिरव, तालुक्याकडे!"

"आता?"

"आलं, आलं, आलं… थांब! हात नको सोडू. हात सोडला का जाते."

हे शेवटचे वाक्य खरेच होते. पाइपाला हात लागला की चित्र सुधरे आणि हात काढला की पुन्हा पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडे, ज्याला सगळीकडे 'मुंग्या' म्हणत. त्यामुळे वरचा पोरगा मालिकेचा अर्धा भाग वरच बसून ऐके. वारा सुटला, माकडे घरावर आली किंवा कावळ्यांचा थवा काड्यांवर बसला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चांगले चित्र येणाऱ्या घराला गावात मान होता, आणि त्या घरचा अँटिना कोणत्या झाडाच्या दिशेने लावला आहे ते बाकीचे नीट पाहून ठेवत.

लाईन

विदर्भात विजेला 'लाईन' म्हणतात. लाईन आली, लाईन गेली, लाईन डिम झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी भारनियमन खेड्याच्या अंगवळणी पडलेले होते, आणि ते नसले तरी डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडणे, तार तुटणे, फेज जाणे हे होतेच. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर ही राज्यातली मोठी औष्णिक वीज केंद्रे विदर्भातली. आपल्याच मातीतला कोळसा जळतो आणि आपल्याच सपरीत अंधार होतो, ही बोच तेव्हाच्या बोलण्यात वारंवार येई. या नोंदकाराला ती आजही रास्त वाटते.

व्होल्टेज कमी झाले की चित्र चारही बाजूंनी आखडत जाई आणि मधल्या चौकोनात माणसे बुटकी होत. स्टॅबिलायझर घुरघुरे, टकटक करी आणि शेवटी संच बंद पडे. कृष्णधवल छोटे संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालत, हे ज्यांना उमगले होते ते ट्रॅक्टरची बॅटरी काढून सपरीत आणत. महत्त्वाच्या भागाच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्या घरी गर्दी दुप्पट होई. सकाळी त्याच बॅटरीने ट्रॅक्टर सुरू झाला नाही म्हणजे घरच्या म्हाताऱ्याची बोलणी खावी लागत, पण पुढच्या वेळी पुन्हा बॅटरी निघेच.

ऐन प्रसंगी लाईन गेली की क्षणभर कोणी बोलत नसे. मग अंधारातून एखादे पोरगे 'शक्तिमान'मधल्या खलनायकाचे वाक्य मोठ्याने म्हणे, "अंधेरा कायम रहे!" आणि सारी सपरी हसे. कोणी लगेच उठून जात नसे. दहा-पंधरा मिनिटे वाट पाहायची, तेवढ्यात पावसापाण्याच्या, तुरीवरच्या अळीच्या, कोणाच्या सोयरिकीच्या गोष्टी निघत. लाईन आली की "आली रे आली" असा जो गलका सगळ्या गल्ल्यांतून एकदम उठे, तो शेजारच्या गावापर्यंत ऐकू जाई.

शक्तिमान

या काळातली मुलांची मालिका म्हणजे 'शक्तिमान'. १३ सप्टेंबर १९९७ रोजी ती सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. दिग्दर्शन दिनकर जानी यांचे. मुकेश खन्ना यांनी त्यात दोन भूमिका केल्या: चष्मा लावलेला, दात पुढे आलेला, सगळ्यांनी चिडवायचा तो पंडित गंगाधर आणि योगसाधनेने कुंडलिनी जागृत करून पंचमहाभूतांचे बळ मिळवलेला शक्तिमान. 'महाभारत'मध्ये खन्ना भीष्म झाले होते, त्यामुळे म्हातारी माणसेही त्यांना ओळखत आणि नातवाच्या शेजारी बसून पाहत. तमराज किल्विष सुरेंद्र पाल यांनी केला, पत्रकार गीता विश्वास पुढे वैष्णवी महंत यांनी.

सुरुवातीला ती शनिवारी दुपारच्या आधी, साडेअकराच्या सुमारास लागे. जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी सकाळच्या असत. त्या दिवशी शेवटच्या तासाला मुलांचे लक्ष फळ्यावर नसे. घंटा झाली की दप्तर पाठीवर आपटत, चपला हातात घेऊन पोट्टे टीव्हीवाल्या घराकडे पळत. पुढे ती रविवारी दुपारी बाराला आली. रविवार म्हणजे पुष्कळ गावांत गुरे धुण्याचा, वावरात डबा पोचवण्याचा दिवस. वावरातून डबा देऊन परत येताना पोरे धुऱ्याने (बांधावरून) धावत ती बाराची वेळ गाठण्यासाठी.

शक्तिमान स्वतःभोवती गरगर फिरून प्रकट होई. त्या काळात विदर्भातले एकही अंगण असे नसेल जिथे पोरे हात वर करून गरगरली नाहीत आणि चक्कर येऊन पडली नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल घेऊन, नटूनथटून निघतात. कृष्ण, शिवाजी महाराज, शेतकरी ही वेशांची जुनी रांग. तिच्यात लाल कपडे आणि छातीवर सोनेरी कागदाचे चक्र लावलेला शक्तिमान जाऊन उभा राहिला. तो चमकीचा कागद लग्नाच्या पत्रिकेतून किंवा मिठाईच्या डब्यातून जपून काढलेला असे.

शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी जिवावरचे प्रकार केल्याच्या बातम्या त्या काळात आल्या, आणि खन्ना यांनी पडद्यावर येऊन असे करू नका म्हणून सांगितले. भागाच्या शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' या नावाने मुलांना शिकवण असे: खोटे बोलू नये, हात धुवावे, चूक झाली तर कबूल करावी. गावात आधीच विहिरीची भीती. शक्तिमान बघायला सोडण्याआधी आया बजावत की विहिरीच्या काठावर फिरायचे नाही. हा इशारा खेड्यातल्या आयांनी आपल्या विहिरीपुरता स्वतःच शोधला होता, आणि तो योग्य होता.

देवांच्या मालिका आणि बाकीच्या

'ॐ नमः शिवाय' (धीरज कुमार यांची निर्मिती) आणि 'जय हनुमान' (संजय खान यांची) या दोन्ही १९९७ च्या. त्यांच्या आणि 'श्रीकृष्ण'च्या वेळी सपरीत चपला बाहेर निघत आणि बिडी विझे. मोठ्या कृष्णाच्या भूमिकेत सर्वदमन बॅनर्जी होते, किशोर कृष्ण होता स्वप्नील जोशी. आपला मराठी पोरगा देव झाला याचे गावाला अप्रूप होते. ज्या गावांत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना दिवेलागणीला होई, तिथे प्रार्थना आधी आणि टीव्ही नंतर ही शिस्त बहुतेक पाळली गेली. प्रार्थनेतली माणसे तशीच उठून टीव्हीपुढे येत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गाजलेल्या 'चंद्रकांता'मधला क्रूरसिंग आणि त्याचे "यक्कू" हे ओरडणे मालिका संपल्यावरही कित्येक वर्षे शाळेच्या मैदानात जिवंत होते. 'ब्योमकेश बक्षी' मोजक्याच घरांत, मास्तर-ग्रामसेवक मंडळींत पाहिली गेली. 'सुरभि'मध्ये रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक प्रश्न विचारत आणि उत्तरे पोस्टकार्डावर मागवत. ती पत्रे इतकी येऊ लागली की टपाल खात्याने स्पर्धेसाठी वेगळे महाग पोस्टकार्ड काढले. खेड्यातून पाठवलेले आयुष्यातले पहिले पत्र 'सुरभि'चे, असे सांगणारी माणसे आज चाळिशीत आहेत.

'सी. आय. डी.' २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली, पण केबल असलेल्या तालुक्याच्या गावीच ती दिसे. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी त्याआधी मराठीत 'एक शून्य शून्य'मुळे परिचयाची होती.

दुपारच्या 'शांती' आणि 'स्वाभिमान' या रोजच्या मालिका शहरातल्या बायकांच्या खूप बोलण्यात होत्या. खेड्यात दुपारी बाई घरी असतेच कुठे? ती निंदणाच्या पातीत (निंदणाऱ्या बायकांच्या ओळीत) किंवा कापूस वेचायला. बाळंतीण, आजारी किंवा शाळेतून दांडी मारलेली पोर, एवढ्यांनीच त्या पाहिल्या. मग तीच पोर दुसऱ्या दिवशी पातीला गेली की गोष्ट सांगे. एका बाईने मालिका पाहायची आणि दहा जणींनी पराटीच्या (कापसाच्या झाडांच्या) ओळीत ती ऐकायची. सांगणारी आपल्या मनाने प्रसंग वाढवी, वाईट सासूला आणखी वाईट करी, आणि पात कधी संपली ते कळत नसे. विदर्भातल्या हजारो बायकांनी या मालिका डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहिल्या.

कोण कुठे बसे

सपरीत पुढे चटईवर मुले, मागे भिंतीला टेकून पुरुष, आणि माजघराच्या दारात उंबरठ्याच्या आत बायका. सासऱ्यासमोर सुनेने बसून टीव्ही पाहणे अनेक घरांत चालत नसे. ती भाकरी थापता थापता दाराच्या फटीतून पाही, आणि चुलीच्या धुरामुळे डोळ्यात पाणी आहे की मालिकेमुळे हे कोणी विचारत नसे.

जातीची गोष्ट इथे टाळता येत नाही. पाटलाच्या सपरीत कोणी आत यायचे आणि कोणी अंगणात थांबायचे हे टीव्ही येण्याच्या पिढ्यान्पिढ्या आधी ठरलेले होते. काही गावांत टीव्हीने ती रेघ थोडी पुसली, कारण पोरे कुठूनही घुसत आणि अंधारात कोण कोणाला खेटून बसले ते दिसत नसे. काही गावांत रेघ तशीच राहिली आणि सालदाराने (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने) खिडकीच्या गजाबाहेर उभे राहून पूर्ण भाग पाहिला. बौद्ध वस्त्यांनी पुष्कळ ठिकाणी वर्गणी काढून विहारात किंवा समाजमंदिरात आपला संच आणला. दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे नाही, ही त्यामागची भावना स्वच्छ होती.

काही ग्रामपंचायतींकडेही टीव्ही होता. तो कुलपात असे, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई लग्नाला गेला की त्या दिवशीची मालिका बुडे.

भाषा

विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचा भाग होता आणि नागपूर ही त्याची राजधानी. बाजारात, रेल्वेत, कोळसा खाणींत हिंदी कानावर पडतच होती. त्यामुळे हिंदी मालिका समजायला इथल्या माणसाला कष्ट पडले नाहीत. अडचण झाली ती मराठी मालिकांची, आणि हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. मुंबईहून येणाऱ्या मालिकांतली माणसे पुण्या-मुंबईची प्रमाण मराठी बोलत. 'करून राह्यलो', 'जाऊन रायली', 'कावून' (का), 'पोट्टे' (पोरे) हे शब्द त्यांत कधी आले तर नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. आपली भाषा पडद्यावर फक्त हसण्यासाठी येते, हे खेड्यातल्या मुलांनी तेव्हाच ओळखले आणि शहरात शिकायला गेल्यावर तोंड मिटून बसायला ती शिकली. हे नुकसान मोजता येत नाही, पण ते झाले.

तरी मराठी मालिकांवर लोकांनी जीव लावला. प्रतीक्षा लोणकर यांची पत्रकार 'दामिनी' ही खेड्यातल्या शिकणाऱ्या मुलींना फार जवळची वाटली. बाई एकटी फिरते, अधिकाऱ्याला तोंडावर प्रश्न विचारते, हे त्या रोज पाहत होत्या. पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली आणि 'आभाळमाया'तली सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी केबलवाल्या गावांत घराघरांत पोचली. केबल नसलेल्या खेड्यात ती फक्त नावाने माहीत होती.

झाडीपट्टी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्रभर नाटके होतात. देसाईगंज म्हणजेच वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे. टीव्ही आल्यावर नाटक बसेल अशी धास्ती होती. नाटक बसले नाही. आठवडाभर सपरीत मालिका पाहणारे लोक हंगामात बैलबंडी जोडून, पोराबाळांना पांघरुणात गुंडाळून नाटकाला जातच राहिले, कारण तिथे पात्रे त्यांच्या बोलीत बोलत आणि पाव्हण्यारावळ्यांची गाठ पडे. पुढे तर मालिकांत दिसणारे मुंबईचे कलावंतच झाडीपट्टीच्या नाटकांत पाहुणे म्हणून येऊ लागले.

ओहोटी

२००० साली दूरदर्शनची मराठी वाहिनी 'सह्याद्री' या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी जुलैत 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' खासगी वाहिनीवर सुरू झाल्या, आणि ज्या गावात केबल होती तिथली माणसे दूरदर्शनपासून सरकली. रंगीत संच स्वस्त झाले. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा स्वतःचा टीव्ही वाजू लागला, मग त्याच्या शेजाऱ्याचा. सपरीतली गर्दी कोणी मोडली नाही. एकेक घर येईनासे झाले, आणि शेवटी घरचीच माणसे उरली. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'शक्तिमान' आणि 'श्रीकृष्ण' पुन्हा दाखवल्या तेव्हा पूर्वी चटईवर पुढे बसणाऱ्या पोरांनी त्या आपल्या मुलांना शेजारी घेऊन पाहिल्या, दार लावून.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डिश सेवा सुरू झाली आणि छत्र्या खेड्यांपर्यंत पोचू लागल्या. अँटिनाच्या काड्या भंगारवाल्याने किलोवर नेल्या, ॲल्युमिनियमला भाव बरा होता. लोखंडी पाइप भिंतीत पक्का गाडलेला, तो काढायला गेले तर कवेलू फुटणार. म्हणून बहुतेकांनी तो तसाच ठेवला आणि डिशची छत्री त्यालाच बसवून घेतली.